न लाटलेली पारी

या, असे जवळ सरकून बसा. हातातला पंखा घटकाभर खाली ठेवा, उकाडा काही पळून जात नाही. आमच्या हिकरी फोर्क गावात एका घरी चौतीस वर्षं एक गोड पदार्थ मुद्दाम साधाच होत राहिला, आणि जिने तो केला तिला जन्मभर आळशी म्हणवून घ्यावं लागलं... तिची ही गोष्ट. मन लावून ऐका!

जुलैतल्या शनिवारची दुपार. उकळत्या पाण्यातून काढलेल्या पीचची सालं ओलीथा बोटांनी हलकेच सोलत होती. टेबलाशी, पाठीला दोन उशा लावून, तिची सावत्र मुलगी लव्हेटा बसली होती. वय एकेचाळीस, पण मनगटं लहान पोरीएवढी उरलेली! पोटातल्या दुखण्यानं तिला बाल्टिमोरहून घरी आणलं होतं, आणि डॉक्टर आता औषध लिहून देत होते ते फक्त कळा थांबवण्याचं.

"पुन्हा क्रिस्पच का?" लव्हेटानं तोंड वाकडं केलं. "उद्या होमकमिंगचा रविवार, गावाबाहेर गेलेलेसुद्धा चर्चला परततील, ओलीथाबाई! चर्चच्या अंगणात बायका पाई मांडतील, कडा मुरडलेल्या, वर पिठाची जाळी विणलेली. आणि आपल्या घरून हा चुरा! माझ्या आईची पाई त्या टेबलावर सगळ्यात आधी संपायची. बाबा सांगायचे."

"चुरा कुरकुरीत होतो गं. आणि रसात भिजला की तुला गिळायलाही सोपा."

"आळशी बाईचं गोड आहे ते. पारी लाटायला नको, मुरडायला नको. फळं चिरा, वर पीठ भुरभुरा आणि ढकला ओव्हनमध्ये!"

ओलीथानं सोललेले पीच चिरले. पीचच्या फोडींवर तिनं लिंबू पिळलं, साखर आणि दालचिनीची पूड घातली. हर्शेलची पहिली बायको बर्निस गेली तेव्हा लव्हेटा सहा वर्षांची होती. वर्षभरानं ओलीथा या घरात आली. त्या दिवसापासून तिनं या मुलीच्या वेण्या घातल्या, गोवर आला तेव्हा सात रात्री तिच्या उशाशी बसून काढल्या, तिच्या शाळेच्या झग्यांना इस्त्र्या केल्या... आणि पहिल्या दिवशी 'ओलीथाबाई' म्हणणारं ते तोंड आज मरणाच्या दारातही 'ओलीथाबाई'च म्हणत होतं! हर्शेल जाऊन नऊ वर्षं झाली होती. ओलीथाला आता दुसरी कसलीच आस नव्हती. एकदा, फक्त एकदा या मुलीच्या ओठी 'आई' हा शब्द यावा... पण मागून घेतलेली हाक ती हाक कसली? म्हणून तिनं ती कधी मागितली नाही.

एवढ्यात जाळीचं दार आपटलं आणि मॅटी आत आली. ओलीथाची मामेबहीण, तरुणपणीच डेट्रॉइटला गेलेली, ती यंदा कायमची परतली होती.

"काय गं ओली, हे काय? क्रिस्प? तू?" मॅटी कमरेवर हात ठेवून हसायला लागली. "लव्हेटा, पोरी, हिनं तुला कधी सांगितलं नाही वाटतं! अगं, लग्नाआधी हिच्या पाईपायी आमचे पास्टर प्रवचन आवरतं घ्यायचे. देवदूतांपर्यंत चढलेला सूर खाली आणून थेट 'आमेन'! तीन वर्षं लागोपाठ जत्रेत पहिल्या नंबरची निळी फीत हिच्याच पाईला. आणि आता हातांना गंज चढला होय?"

"मॅटी, तू दमली असशील, जरा पड जा आतल्या खोलीत," ओलीथा घाईनं म्हणाली.

मॅटी गेली.

"म्हणजे येत होतं!" लव्हेटाचा आवाज फाटला. "येत होतं तुम्हाला! बाराव्या वाढदिवसाला पाईसाठी मी रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा बाबा म्हणाले, तिला जमत नाही, हट्ट करू नको. जमत होतं तर! दुसरीच्या पोरीसाठी कोण हात झिजवणार, असंच ना? चौतीस वर्षं, ओलीथाबाई! चौतीस वर्षांत एकदासुद्धा..."

एका वाक्याचं काम होतं. एक वाक्य, आणि ओलीथा निर्दोष सुटली असती! पण ते वाक्य या विझत चाललेल्या जिवाच्या छातीवर ठेवायचं? तिनं मैदा, ओट्स आणि तांबूस साखर परातीत ओतली, गार लोण्याचे तुकडे टाकले, आणि खाली बघतच म्हणाली, "चुकलं माझं, बाळ."

बोटांच्या टोकांनी ती लोणी पिठात चोळू लागली. लव्हेटा धापा टाकत उशीला टेकली. मग स्वतःशीच बोलावं तसं ती म्हणाली, "एकदा केली होती."

ओलीथाची बोटं मंदावली.

"तुम्ही आलात त्याच आठवड्यात. खिडकीत निवत ठेवली होती. माझ्या खोलीपर्यंत वास आला... इतका वास आला की मला आई आठवेना! मी घाबरले. पलंगाजवळ गुडघे टेकले आणि म्हणाले, प्रभू, हिची पाई आईसारखी होऊ देऊ नको, नाहीतर मी आईची चव विसरेन, मग माझ्याकडे आईचं काहीच उरणार नाही..." तिनं ओठ पुसले. "सकाळी पाहिलं तर खिडकी रिकामी. मला वाटलं, प्रभूनं ऐकलं. त्यानंच उचलून नेली."

परातीतले हात आता पुरते थांबले होते. लव्हेटानं त्या हातांकडे पाहिलं. मग त्या खाली घातलेल्या मानेकडे पाहिलं.

"तू दाराबाहेर होतीस?"

"घडी करून पांघरूण ठेवायला आले होते गं... मुद्दाम ऐकलं नाही."

"पाईचं काय केलंस?"

"कोंबड्यांना घातली."

लव्हेटा हसू लागली, आणि हसता हसताच तिला हुंदका फुटला. "आणि तरी विसरले ना गं मी! आईच्या पाईची चव मला आठवत नाही. कधीचीच नाही आठवत! माझ्या जिभेवर सगळा तुझा चुराच आहे. तू सगळं सोडलंस, आणि ते वायाच गेलं..."

ओलीथा पिठानं भरलेल्या हातांनीच धावली. तिनं ती हाडांची मोळी छातीशी धरली. "नाही गं बाळ, नाही... थांब, आत्ता पारी लाटते. आत्ता करते पाई!"

"नको. हेच कर. आणि पहिला चमचा मला दे."

पीचवर चुरा पसरला गेला. कडेनं रस उकळून वर आला, वरचा थर बदामी झाला, तेव्हा ओलीथानं फुंकर घालून पहिला चमचा तिच्या तोंडाशी नेला. लव्हेटानं दीड चमचा खाल्ला. त्यानंतर तिच्या पोटात अन्न असं गेलंच नाही. अकराव्या दिवशी, भर दुपारी, ती गेली... आणि 'आई' हा शब्द काही तिच्या तोंडून आला नाही.

दफनाच्या दिवशी चर्चचं पहिलं बाक घरच्यांचं असतं. ओलीथा दुसऱ्या बाकावर बसली. पहिल्यावर बर्निसच्या बहिणी होत्या, रक्ताच्या होत्या. पास्टर लव्हेटाचा जीवनवृत्तान्त वाचू लागले. "बर्निस आणि हर्शेल यांच्या पोटी जन्म..." ऑर्गनचा सूर खाली घोळत होता. "तिच्यामागे तिची आई ओलीथा आहे."

ओलीथा चटकन उभी राहिली. "पास्टर, वाचण्यात चूक झाली. तिची आई बर्निस. ती आधीच गेली."

"बाई, हे मी नाही लिहिलं." पास्टरांनी हातातला कागद उंच धरला, त्यावरची अक्षरं वेडीवाकडी होती. "तिनं स्वतः लिहून दिलं. मी म्हटलं, पोरी, दोन आया कशा लिहायच्या? ती म्हणाली, होत्या तशा लिहा."

बर्निसची थोरली बहीण बाजूला सरकली, आणि पहिल्या बाकावरची मोकळी जागा तिनं हातानं थोपटली. ओलीथा तिथवर कशी पोचली, तिचं तिला कळलं नाही. पास्टरांचा आवाज शब्दांतून निघून गाण्यावर चढला, लोक उभे राहिले, ठेक्यावरच्या टाळ्यांनी छप्पर हललं, आमच्याकडे निरोप असा गाऊनच देतात... आणि त्या कल्लोळात एक आई ओक्साबोक्शी रडत होती, जिला आई होऊन पाचच मिनिटं झाली होती आणि जिची मुलगी समोर पेटीत निजली होती!

ओलीथाही आता बर्निस आणि लव्हेटाच्या शेजारी माती पांघरून निजली आहे. तिच्यासाठी मी तुमच्याकडे काही मागत नाही. पण जिवंत होती तोवर दर बुधवारच्या प्रार्थनेत ती एकच नाव पुढे ठेवायची, म्हणून तिच्या वतीनं मागणं आहे. आज डोळे मिटाल तेव्हा बर्निसची आठवण ठेवा. तिच्या पाईची चव आता या पृथ्वीवर कुणाच्याच जिभेवर उरलेली नाही.