उजव्या हातातली किटली

"अथर्व, हात लावू नकोस! डिंक ओला आहे!"

इरा ओरडेपर्यंत तिच्या धाकट्या भावाची बोटं चिकटलीसुद्धा! थंडीची सुट्टी, म्हणून ही दोघं आणि इराची मैत्रीण करेन बाबांच्या मदतीला अबुधाबीतल्या प्रदर्शनाच्या हॉलवर आली होती. मदत कसली, नुसती लुडबुड!

बाबा मात्र खाली मान घालून कामाला भिडले होते. मंदी आल्यापासून प्रदर्शनं उभारणाऱ्या त्यांच्या कंपनीतली निम्मी माणसं गावी परतली होती. हे प्रदर्शन फसलं तर बाबांचीही नोकरी जाणार, आणि इराला मधेच शाळा सोडून पुण्याला जावं लागणार. आईबाबांची कुजबुज तिने ऐकली होती. तिला फार भीती वाटत होती.

प्रदर्शन होतं मेजर हॅलम यांच्यावर. इंग्लंडातल्या लॉर्डाचा हा मुलगा आधी पुण्याच्या छावणीत होता. मग इथल्या वाळवंटात तुकडी घेऊन आला, अरबी शिकला, विहिरी खोदवल्या आणि घरचा महाल विसरून तंबूतच रमला. संध्याकाळी मेजरांची मुलगी मार्गारेटबाई आणि मेजरांच्याच जिवलग अरब मित्राचे चिरंजीव खमीससाहेब येणार होते.

मधोमध एक मोठा, पुसट फोटो होता. गणवेशातला माणूस ऐटीत बसलाय आणि पांढऱ्या अरबी झग्यातला दुसरा त्याला कॉफी ओततोय. खाली छापलं होतं : 'मेजर हॅलम व त्यांचा नोकर'.

"वेट! त्या नोकराचा हात बघ ना!" करेन म्हणाली. "किटली उजव्या हातात! शाळेच्या हेरिटेज डेला अरबी कॉफी ओतताना टीचरने किती झापलं होतं! किटली डाव्या हातात धरायची, कप उजव्याने द्यायचा!"

"म्हणजे हा इथला नाहीच!" इरा म्हणाली. "आणि गणवेशवाल्याच्या बाह्या बघ, पार बोटांपर्यंत आल्यात!"

"दे एक्स्चेंज्ड ड्रेसेस!" अथर्व किंचाळला. "नोकर म्हणजेच मेजर!"

इराला मार्गारेटबाई आठवल्या. मुलीसमोर तिच्या वडिलांनाच नोकर म्हणायचं?

तिघं बाबांच्या साहेबांकडे धावली. "सॅमअंकल, फोटोखालचं चुकलंय!"

"फोटो मी स्वतः सिलेक्ट केलाय. खलास! यल्ला, चला, बाहेर खेळा!"

बाबांनीही मुलांना दाराकडे पिटाळलं.

"नवीन छापायला वेळ नाही," इरा हळूच म्हणाली, "पण झाकायला आहे!"

करेनने कार्डावर झोकदार इंग्रजीत लिहिलं : 'ओळखा पाहू, मेजर कोणते?' डिंकाला अथर्व होताच!

संध्याकाळी खमीससाहेब फोटोपुढे थबकले. कार्ड बघून सॅमअंकलचा चेहरा पांढराफटक पडला. ते घाईने कार्ड काढायला निघाले.

आणि खमीससाहेब खदखदून हसले, इथल्या जुन्या अरबांना येते तशा हिंदीत म्हणाले, "अरे, ये युनिफॉर्मवाला तो मेरा बाप है! ईद के दिन दोनोंने कपडे बदले थे!"

"आणि हे आमचे डॅडी!" मार्गारेटबाई डोळे पुसत इंग्रजीत म्हणाल्या. "किटली कधी नीट धरता आली नाही त्यांना! कोणाची ही कल्पना?"

सॅमअंकलनी मुलांकडे बोट दाखवलं. "या... या मुलांची."

"शाब्बास!" खमीससाहेबांनी तिघांच्या पाठी थोपटल्या.

पाहुणे पुढे गेल्यावर सॅमअंकल बाबांजवळ आले. "सदानंद, तुझ्या पोरांनी आज वाचवलं रे! दुबई मरीनामधलं पुढचं प्रदर्शन तूच बघायचं."

बाबांनी लगेच घरी आईला फोन लावला. इराने कान टवकारले.

"विभावरी, आता दाखला काढायला शाळेत जाऊ नकोस. अगं, खरंच! आपण कुठेही जात नाही!"