शेळीची तिसरी नोटीस

लिफ्टचं दार उघडलं आणि आत एक शेळी उभी होती. काळीभोर, लांब कानांची... आणि बघत अशी होती, की जणू मीच तिच्या लिफ्टमध्ये घुसतेय. मागं दोरी धरून एक तरुण उभा होता. तो मात्र चांगलाच ओशाळला होता.

"या ना आत. चावत न्हाय ती."

"आणि तुम्ही?" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"मी गणित शिकवतो. तेर गावच्या शाळेत," तो हसला. "मल्हार. चौथ्या मजल्यावर कालच आलोय. तेवढं कमिटीला बोलू नका हं. इथली सेक्रेटरी लई कडक आहे म्हणतात."

"मीच ती. शिवप्रिया."

शेळीनं तेवढ्यात माझ्या ओढणीचं टोक चघळायला घेतलं.

धाराशिवातल्या आमच्या सोळा फ्लॅटच्या सोसायटीची मी सेक्रेटरी कशी झाले, ते सांगण्यासारखं नाही. निवडणुकीच्या वेळी मी चहा सांगायला खाली गेले होते, एवढंच. अध्यक्ष बब्रुवानकाका हे निवृत्त तलाठी. सोसायटी म्हणजे आपलंच गाव, अशी त्यांची ठाम समजूत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दोन पंच बोलावून गच्चीवर बांधलेल्या शेळीचा पंचनामा केला.

"शेळी एक, रंग काळा, जात उस्मानाबादी," मी लिहिलं.

"खोडा ते. जिल्ह्याचं नाव बदललंय."

"शेळीचं अजून न्हाय बदललं, काका," मल्हार नम्रपणे म्हणाला.

शेवटी 'शेळी एक, काळी' एवढंच राहिलं.

शेळी त्याच्या आईची, कोंडाबाईंची. बेंबळीहून येताना त्यांनी एक ट्रंक आणि ही शेळी एवढंच आणलं होतं. काका तर त्यांचं पाणीच तोडायला निघाले. मी उपविधींचं पुस्तक उघडलं.

"पाणी तोडायचा अधिकार कमिटीला नाही, काका. मालकाला घराबाहेर काढायचाही नाही. गच्ची मात्र सगळ्यांची, ती एकट्याला वापरता येत नाही. नोटीस द्यायची, खुलासा मागायचा, मग बैठकीत ठराव करायचा."

कायदा सांगताना मला फार ऐट आली होती. त्या कायद्यापायी आपल्याला किती वेळा चौथा मजला चढावा लागणार आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

नोटीस दाराखालून सरकवता आली असती. मी हातात द्यायचे. तो दारात उभा राहून ती पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचायचा, मग पोचवहीत सावकाश सही करायचा. तोवर कोंडाबाई शेळीच्या दुधाचा चहा पुढं करायच्या. गच्चीच्या जिन्यातून पावसाची भुरभुर आत यायची आणि मला निघायची घाई अजिबात नसायची.

"सात दिवसांत खुलासा," दुसऱ्या नोटिशीवर तो म्हणाला. "मुदत वाढवून मिळंल का?"

"कशासाठी?"

"तुम्ही परत यावं म्हणून..." तो अडखळला. "म्हणजे, नोटीस घेऊन."

त्या दिवशी मी जिना उतरून आले आणि लिफ्ट आहे, हे मला तळमजल्यावर आठवलं.

तिसरी नोटीस मात्र त्याने न वाचताच घडी केली.

"रविवारी ठराव झाला तर आई शेळी घेऊन बेंबळीला जाती म्हणतीय. तिला एकटं कसं सोडू? फ्लॅट भाड्यानं देतो आन् मीही जातो."

मी चहा तसाच ठेवला आणि सहीसाठी पोचवही पुढं केली.

रविवारी कमिटीतल्या पाचांपैकी दोघं लग्नाला मुरुमला गेले होते. उरलो तिघं. काका शेळीच्या विरोधात, खजिनदार प्रेमाबाई बाजूनं. सगळं माझ्या एका मतावर आलं होतं. मी हात वर करायचा, की मल्हार इथंच राहिला.

काकांनी नेहमीचं वाक्य वाचलं, जे कधीच कुणी ऐकत नाही. "या विषयात कुणा सदस्याचा वैयक्तिक हितसंबंध असल्यास त्यानं सांगावं व मतदानातून बाजूला व्हावं."

गप्प बसायचं होतं मला. देवाशपथ, गप्पच बसायचं होतं. पण महिनाभर ज्या पुस्तकानं काकांचे हात बांधले, ते पुस्तक माझ्याच मांडीवर होतं.

"माझा आहे, काका."

"दूध विकत घेता का तुम्ही?"

"नाही."

"मग शेळीत कसला हितसंबंध?"

"शेळीत नाही..." माझा आवाज मलाच ऐकू येईना. "शेळीवाल्यात."

खुलाशासाठी दाराजवळ बसलेल्या मल्हारच्या हातातला पेन खाली पडला. प्रेमाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"इतिवृत्तात लिहा तसं," काका म्हणाले.

इतिवृत्त लिहिणारी मीच. 'सचिवांनी शेळीवाल्या फ्लॅटच्या मालकाबाबत हितसंबंध जाहीर केला,' असं लिहिलं आणि उठले. मत गेलं होतं, बरोबरीत अध्यक्षांचंच मत चालतं, म्हणजे तोही गेला, असंच माझ्या डोक्यात होतं. डोळे भरून आले होते. दारापर्यंत पोचले, तर मागं काका डोकी मोजत होते.

"एक... दोन..." त्यांनी पुन्हा मोजली. "दोनच. गणपूर्तीला तीन लागतात. बैठक तहकूब."

बाहेर जिन्यात कोंडाबाई शेळीला घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"ये पोरी, बस," त्या म्हणाल्या. "ह्यो दिवसभर शाळंत. घरात बोलायला कुणी न्हाय, म्हणून हिला आणलं म्या. आता बोलायला माणूस येत असंल, तर शेळी धाडते भावाकडं. मी कशाला जाऊ?"

मागून मल्हार आला. त्यानं माझ्या काखेतली पोचवही काढून घेतली आणि आपल्या तीन सह्यांखाली चौथी केली. समोर नोटीस नव्हतीच. सहीपुढं एवढंच लिहिलं होतं...

'मिळाली. मान्य आहे. खुलासा नाही.'