सात होड्यांच्या गाठी

"पायप आसा तो! ट्रॉलरचो जुनो पायप!" बाबू ओरडला.

"तोफ आसा ती!" शेजारचा स्टॅनली त्याच्यावर ओरडला. "लाव पैज! जो हरतलो, तेना बाजारात बसान मासे विकूचे!"

"लावलंय!"

आख्खी आळी हसली. देवबागात मासे पुरुष धरतात, विकतात बायका!

वाद होता किनाऱ्यावरच्या लोखंडी खांबाचा. होड्या त्यालाच बांधायच्या, दरवर्षी डांबर फासायचं. बाबूने तो परस्पर भंगारात विकला होता. चारला टेम्पो येणार होता.

"पाइप सगळीकडे सारखा जाड असतो," स्टॅनलीची सातवीतली फेबी म्हणाली. "हा खाली जाड, वर बारीक! का?"

"खणूया!" बाबूचाच मुलगा देवेश म्हणाला.

"अर्धाच तास आहे! एकदा तोफ भट्टीत वितळली, की संपलं."

"मग टेम्पो अडवूया!"

दुसऱ्याच्या होडीची गाठ न विचारता सोडायची नाही, हा इथला नियम. भांडण असलं तरी! पोरांनी सात होड्यांना जादा दोर लावून ते खांबाला करकचून बांधले. मालक दुपारचे घोरत होते.

टेम्पो आला.

"सोडा रे ते दोर!" बाबू गरजला.

"होडये आमचे नाय, बाबा. मालकांका विचार!"

बाबू दारोदार फिरला. पाचवा मालक जांभया देत आला, तोवर पोरं कमरेपर्यंत खड्ड्यात!

"देवेश, दोन कान! दोन्ही बाजूंना लोखंडाचे! तोफ गाड्यावर यांच्यावरच टेकवतात!"

अजून खाली वाळूने बुजलेलं भोक सापडलं. फेबीने माडाच्या झावळीचा काडीसारखा हीर खुपसला. सरळ आत!

"बत्ती द्यायचं भोक!"

भंगारवाल्याने वाकून पाहिलं आणि टेम्पो वळवला. "मला नको बाबा ही जुनी तोफ! पोलीस घरी येतील!"

दुसऱ्या दिवशी पुरातत्त्व खात्याच्या बाई आल्या. "तोफच आहे! शाबास, पोरांनो!"

"कोणाची? मराठ्यांची, पोर्तुगीजांची की इंग्रजांची?" फेबीने विचारलं.

"गंज साफ झाला की बघू. कळलं की पहिली चिठ्ठी तुलाच!"

स्टॅनलीने पोरीची पाठ थोपटली. मग सगळी आळी बाजाराकडे धावली.

बाबू टोपलीमागे मान खाली घालून बसला होता. समोर त्याची बायको हौसाबाई, कमरेवर हात ठेवून उभी.

"ताजे आसत काय रे? कल्ले उघडून दाखव!"

बाबूने कल्ले उघडले.

"आणि आरडतलो कोण? मी?"

बाबूने डोळे घट्ट मिटले. "बांगडेऽऽ! ताजे बांगडेऽऽ!"