गाणं संपायच्या आत

शाहपूरहून बऱ्हाणपूरला निघालेली मोटार त्या दिवशी वाटेतच बंद पडली, नाहीतर मालतीची आणि लीलाधरची गाठ पडायचं काही कारणच नव्हतं. ड्रायव्हर बॉनेटमध्ये डोकं घालून बसला, कंडक्टर लिंबाखाली बिडी ओढायला गेला, आणि उतारू जमेल तसे पांगले. मालती शाहपूरच्या मुलींच्या शाळेत नुकतीच लागलेली बाई, घर बऱ्हाणपुरात, लोधीपुऱ्यात. उन्हं उतरायला लागली तशी ती मागच्या रस्त्यावर सारखी नजर टाकत राहिली. एवढ्यात केळीच्या घडांनी भरलेली एक बैलगाडी मागून आली. घडांच्या कडेला अंग चोरून दोघी-तिघी बायका बसल्या होत्या, कुठल्याशा लग्नाहून परतणाऱ्या, आणि त्या गळा मोकळा सोडून गात होत्या.

"बसा ना बाई," गाडी हाकणारा तरुण म्हणाला, "स्टेशनावर माल चढवाले जाऊन राह्यलो. लोधीपुरा वाटेतच हाये."

मालती बसली. बायकांनी जरा सरकून जागा केली, पण गाणं काही थांबवलं नाही.

"तापीच्या काठी माय, केळीचं हिरवं पान,
लेक चालली सासरी, उभं रडे सारं रान..."

एकच ओळ पुन्हा पुन्हा, आणि दर खेपेला पदराने डोळे पुसणं. नवरी ना त्यांच्या नात्याची ना गोत्याची! मालतीला आधी हसू आलं, मग वैताग आला. मॅट्रिक पहिल्या वर्गात पास झालेली मुलगी ती. तिच्या तोंडून निघून गेलं, "काय ही रडगाणी! रान कधी रडतं का?"

तरुणाने वळून पाहिलं. सावळा, डोळे हसरे, कानामागे झेंडूचं फूल खोचलेलं.

"रडते ना," तो म्हणाला. "केळीचा घड तोडताना कधी पाह्यलं का तुम्ही? टपटप पाणी गयते. कपड्याले लागलं तं जन्मभर डाग जात नही."

"त्याला चीक म्हणतात."

"तुम्ही चीक म्हना. आमच्या बाया त्याले रडनं म्हनतात. झगडा कशाले?"

मालतीने मान फिरवली. पण घरी जाऊन पाहते तो काय, पदराच्या काठाला तपकिरी डाग पडलेला... तिने साबण लावला, लिंबू चोळलं, डाग होता तिथेच. तिला राग यायला हवा होता. आला नाही.

त्यानंतर शाहपूरच्या मोटारस्टँडावर लीलाधरला रोज काहीतरी काम निघायला लागलं. कधी कुणाला पोचवायचं, कधी कुणाची वाट बघायची, कधी नुसतंच "असाच आलो व्हतो". बापाच्या माघारी केळीचा मळा आणि आई सांभाळणारा हा गडी. त्याला एवढा रिकामा वेळ कुठून मिळतो, असं स्टँडावरच्या चहावाल्यालाही वाटायचं. मालतीला मात्र वाटायचं नाही. तिला ठाऊक होतं. पोरींना हे बरोबर ठाऊक असतं, फक्त त्या कबूल करत नाहीत.

त्यांचं भांडण एकच. गाणी.

"तुमच्या गाण्यांत सगळ्या माया आणि सगळ्या लेकी," ती म्हणायची. "सारख्या रडतात. कुणाला काही काम नाही का?"

"कामच करत असतात वो. हातानं दळतात आन् तोंडानं रडतात. वेगळा टाइम कुठे भेटते त्यायले?"

"खरं दुःख असलं की माणूस गप्प बसतं. गाऊन दाखवत नाही."

"अच्छा? मतलब तुमच्या घरी गप्प बसनारे लोक जास्ती सच्चे?"

"असतीलच."

तो मान तिरकी करून तिच्याकडे बघायचा, अगदी मिस्कील. "एक दिवस तुम्ही पन रडसाल बाई. आमच्याच गान्यावर. आन् मी पाहीन."

"वाट बघा!"

"पाहूनच तं राह्यलो..."

आणि मग दोघंही भलतीकडेच बघत उभी राहायची. मोटार आली की तो केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी तिच्या हातात ठेवायचा, बोटं लागायची, न लागल्यासारखी. मालती खिडकीशी बसून ते पान मांडीवर तसंच ठेवायची आणि तापीचा पूल येईपर्यंत सोडायची नाही. प्रेम नव्हे म्हणता तर मग काय हो ते?

त्या साली राज्यांची वाटणी चालली होती. अकोला-नागपूर मराठी राज्यात जाणार, बऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात राहणार, हे जवळजवळ ठरलं होतं. तहसील कचेरीत कारकून असलेले मालतीचे वडील सुधाकरराव रोज घरी नवी बातमी आणायचे. मालतीच्या आईचं माहेर अकोल्याचं. तिने धोशा लावला, की आपण अकोल्याला बदली मागू, इथे पुढे सगळं हिंदीत चालेल. सुधाकररावांनी बदली मागितली. दिवाळीनंतर निघायचं, असं घरात बोलणं सुरू झालं.

मालतीने हे लीलाधरला सांगितलं तेव्हा त्याने कानामागचं फूल काढून बोटांत फिरवलं. मग म्हणाला, "आखाजीले आमच्या घरी या. आई बोलावून राह्यली. आंगनात झोका बांधतो आम्ही."

"मी बसायचं झोक्यावर?"

"हां... बसायचं. बस, एवढंच." आणि त्याचे कान लाल झाले.

आता खरं सांगायचं तर या लग्नाच्या आड कोणी नव्हतं. जात एक, पोटजात एक. सुधाकररावांचे आजोबा तापीकाठीच नांगर धरत होते. घरात मळा, गोठ्यात बैल, मुलगा निर्व्यसनी. एका शब्दाचं काम होतं. पण तो शब्द बोलायला आमच्या या वाघाला आई लागली, आणि आईला गाणं लागलं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी मालती सकाळच्याच मोटारीने गेली. लीलाधरच्या अंगणात चिंचेला झोका बांधलेला, भोवती माहेरी आलेल्या लेकींचा नुसता कलकलाट. एकेकीला झोक्यावर बसवायचं आणि तिचं नाव घालून गाणं म्हणायचं, असं चाललं होतं. पुरणाचा वास दारापर्यंत येत होता. लीलाधर ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता, नवा सदरा घालून, आणि मालतीने त्याच्याकडे तीनदा न बघायचं ठरवून चारदा पाहिलं.

मग त्याची आई, रंभाबाई, पुढे आली. तिने मालतीचा हात धरून तिला झोक्यावर बसवलं. अंगण एकाएकी शांत झालं. मालतीला ते जाणवलं, पण तिला वाटलं, शाळेतल्या बाई म्हणून मान देतात. रंभाबाईने झोक्याला हात लावला आणि जराशा फाटक्या आवाजात सुरू केलं.

"माझ्या अंगनाच्या कोनी, रिता पाट मांडला वं,
मालूबाई, तुझ्यासाठी घास मागं ठेवला वं..."

मालती मनात म्हणाली, झालं, आता माझंही रडगाणं. हसायची तयारी केली तिने. पण ते हसू काही वेळेवर आलं नाही. थोरली लेक ती. चार भावंडांना वाढून झालं की पातेल्यात उरेल ते आपलं, ही तिची रीत. तिच्यासाठी घास मागे ठेवावा, असं आजवर कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि तिलाही त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. आत्ता, या परक्या अंगणात, ते एकदम वाटलं. डोळे भरून आले, आणि समोर ओसरीवर तो... तिच्याकडेच बघत, श्वास रोखून.

हा बघणार! आणि जन्मभर चिडवणार!

मालतीने पाय टेकवले, झोका थांबवला, आणि गाणं अर्ध्यावर असतानाच ती उतरली. डोळे दिसू नयेत म्हणून तोंड फिरवलं आणि मोठ्याने हसली. "पुरे हो पुरे! पाट काय, घास काय... असल्या गाण्यांनी मी नाही पाघळायची!"

कोणीच हसलं नाही. रंभाबाईचा हात दोरीवर तसाच राहिला. मग ती शांतपणे म्हणाली, "बरं माय. जेवून जाय." पुरणपोळी वाढली, तूप वाढलं, पण लीलाधर पंगतीत दिसला नाही. मालतीला वाटलं, हरला म्हणून रुसला.

स्टँडावर तो दुसऱ्या दिवशी आला नाही. त्यानंतरही नाही. उन्हाळ्याची सुट्टी लागली, शाळा पुन्हा उघडली, तरी नाही. मालती मोटार येईपर्यंत रस्त्याकडे बघत उभी राहायची. पहिल्यांदा तिला राग आला. एवढ्याशा चेष्टेवर इतकं फुगायचं? मग रागाची जागा काळजीने घेतली, आणि काळजीची जागा नुसत्या दुखण्याने. रात्रंदिवस त्याचाच आवाज डोक्यात. मालतीचं प्रेम होतं त्याच्यावर, आता तिला स्वतःशी खोटं बोलायचं काही उरलं नव्हतं.

शाळेत पाणी भरणाऱ्या भागाबाईने एक दिवस सहज विषय काढला. "लीलाधरचं जमलं वं बाई. डोईफोडिया गावची पोरगी हाये. सुपारी फुटली."

मालतीच्या हातातला खडू खाली पडला. "कधी?"

"झाले आठ-पंधरा दिवस." भागाबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "पन तुम्हाले काय त्याचं? तुम्हीच तं उतरल्या ना झोक्यावरून."

"म्हणजे?"

"मतलब काय? मागनीचं गानं व्हतं ते. ज्या घराले पोरगी पसंत, त्या घरची बाई तिले आखाजीच्या, नही तं नागपंचमीच्या झोक्यावर बसवते. पोरीले मंजूर असलं तं ती गानं संपेपर्यंत बसते. नसलं तं आधी उतरते. कोनी तोंडानं विचारत नही, कोनी नही म्हनत नही, कोनाची इज्जत जात नही." मग तिचा आवाज खाली आला. "लेकिन तुम्ही तं उतरून हसल्या पन. रंभाबाई दोन दिस जेवली नही."

शाळा सुटायची वाट न बघता मालती मळ्याकडे निघाली. चिखलात चप्पल रुतत होती, तिने ती हातात घेतली. लीलाधर केळीची वाळकी पानं छाटत होता. तिला बघून त्याने विळा खाली ठेवला, पण पुढे आला नाही.

"मला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. धाप लागलेली. "शपथ. मला ती रीत ठाऊक नव्हती."

"तुमचे बाबा इकडचेच ना..."

"बाबांना बायकांच्या गाण्यातलं काय कळतं? आणि आई अकोल्याची. मला कोण सांगणार?" तिचा आवाज चिरकला. "मी उतरले, कारण मला रडू आलं होतं. ऐकतोस ना? तुझ्या आईच्या गाण्याने मला रडू आलं, आणि तू बघशील म्हणून मी उतरले."

त्याच्या तोंडावर आधी आनंद आला. खरंच आला, तिने पाहिला. आणि मग तो ओसरला, आणि ते बघणं फार वाईट होतं.

"खरंच रडली तू?" पहिल्यांदाच तो तिला तू म्हणाला.

"हो. आणि माझं प्रेम आहे तुझ्यावर. घे, गाण्यात नाही, साध्या तोंडाने सांगते. आता तूही सांग. तिकडे निरोप धाड आणि मोड ते लग्न."

लीलाधरने हाताला लागलेला चीक धोतराला पुसला. "धुरपदा नाव हाये तिचं," तो म्हणाला. "आईनं नागपंचमीले तिच्या मामाच्या आंगनात गानं म्हटलं. तिनं मले कधी पाह्यलं पन नव्हतं. तरी मान खाली घालून शेवटपर्यंत बसली. सगळ्या गावानं पाह्यलं. आता मी मोडलं तं पुन्हा कोनी बसवनार नही तिले झोक्यावर."

"आणि मी?"

"तू मास्तरीन हाये. तू अकोल्याले चालली..."

मालती भडकली. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं वर आलं. "तोंड नव्हतं तुला? रोज स्टँडावर तासभर बडबड करायचास. एकदा, फक्त एकदा म्हणायचं होतंस, मालती, माझ्याशी लग्न कर. आईच्या गाण्याआड का लपलास?"

"कसा म्हननार? तू माझ्या दर गोष्टीवर हसायची. मले वाटलं, माझ्या तोंडावर हसशील तं मी मरूनच जाईन. गानं आपलं नसते ना, मालती. गावाचं असते. त्याच्यावर हसलं तं कमी लागते." तो थांबला. "पन नही लागलं कमी."

केळीच्या पानांवरून पाणी ओघळत होतं आणि दोघंही ते ऐकत उभी होती.

"तुले अजून आवडतो मी?" त्याने विचारलं.

"हो."

"मले पन. फार." तो घाईघाईने म्हणाला, कोणी ऐकेल म्हणून नव्हे, स्वतःला ऐकू येऊ नये म्हणून. "जाय आता. मोटार चुकंल."

आणि ती गेली. काय करणार होती? पाठीमागून विळ्याचा आवाज बराच वेळ सुरू झाला नाही, एवढं तिला कळलं.

तुळशीचं लग्न झालं आणि लीलाधरच्या आईकडून अक्षत आली. सुधाकरराव एकटेच जाऊन आहेर करून आले, म्हणाले, मुलगी गोड आहे, जेवण उत्तम होतं. मालतीने शाळेचा राजीनामा दिला. अकोल्याची बदली मंजूर झाली होतीच. सामान बांधायला घेतलं तेव्हा आई भांडी पोत्यात भरत होती आणि मालती कपड्यांच्या घड्या घालत होती. आईचं तोंड एकीकडे चालू होतं. हे गाव माणुसकीचं नाही, इथे आपलं कोणी नाही, बरं झालं सुटलो.

"आता तूच बघ," आई म्हणाली, "एवढं वर्षभर शाहपूरला गेलीस. आपल्या जातीची तिथे कितीतरी घरं. पण एकाने म्हणून विचारलं नाही माझ्या लेकीला."

मालतीने हातातली साडी पेटीत ठेवली.

"विचारलं होतं, आई."

आईच्या हातातलं पातेलं थांबलं. "अगं बाई! कधी? कोणी? आणि तू काय म्हणालीस?"

"मी हसले," मालती म्हणाली.