रिळाची दुसरी बाजू

यातला एकही शब्द मी रचलेला नाही. कुणाला पटत नसेल तर घरी या. रीळ माझ्याकडेच आहे, लावून दाखवते.

जानेवारी १९७९. नागपूरजवळ बेसा गावाबाहेरचं कापणी झालेलं शेत. भर दुपार.

माझे वडील चंद्रभान शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी माणसाच्या उंचीचं रॉकेट केलं होतं आणि त्याला चावीवर चालणारा छोटा सिने-कॅमेरा बसवला होता. भिंग खाली, जमिनीकडे.

"नीला, आपला गाव वरून कसा दिसते, पाहू," म्हणाले होते.

बटण दाबलं. रॉकेट उडालं नाही.

बाबा बघायला जवळ गेले...

आणि ते पेटलं, उडालं.

बाबांनी जागीच प्राण सोडला.

बटणापाशी विज्ञान मंडळाचे अध्यक्ष मनोहरराव होते. शोकसभेत ते म्हणाले, चंद्रभानजी हुशार, पण घाईचे. बॅटरीची तार न सोडवताच जवळ गेले.

लोकांनी माना डोलावल्या. घरातला बल्ब बदलतानाही आधी मेन स्विच पाडणारा माणूस, आणि तो घाईचा?

कॅमेरा पॅराशूटला लटकून शेजारच्या शेतात उतरला होता. लकडगंजातल्या स्टुडिओवाल्या अनंतनं फिल्म धुऊन दिली.

या फिल्मवर एका वेळी अर्ध्याच रुंदीत चित्रं उमटतात. मग रीळ काढून उलटं घालायचं, तेव्हा उरलेली अर्धी बाजू भरते.

उलटं घालायला बाबा उरलेच नव्हते. दुसरी बाजू कोरी असायला हवी होती.

"ताई, दुसऱ्या बाजूवरबी आहे काहीतरी," अनंत म्हणाला. माझ्याकडे न बघता.

संध्याकाळी मी एकटीनं ते प्रोजेक्टरवर चढवून भिंतीवर लावलं.

पहिली बाजू. धूर, मग लहान होत जाणारं शेत.

दुसरी बाजू...

तेच शेत. खूप उंचावरून. आणि रॉकेट अजून जमिनीवर उभं.

मग हे वरून काढलं कुणी?

मुंगीएवढा एक माणूस तार सोडवतो. बाजूला ठेवतो. रॉकेटकडे चालत जातो.

दुसरा वाकतो. तार पुन्हा जोडतो. बटण दाबतो.

दुसऱ्या दिवशी मी मनोहररावांना बोलावून तेच रीळ लावलं. चित्र खाली आलं होतं, जमिनीच्या जवळ. आता माणसं ओळखू येत होती. बाबांचा पांढरा स्वेटर. मनोहररावांचं टक्कल.

त्यांनी टकलावरून हात फिरवला.

"रॉकेट पाहायला आलेले पाहुणे ताटकळले होते वं," मग म्हणाले. "मले वाटलं, चंद्रभान मागं सरकला."

हेच मंडळात सगळ्यांसमोर सांगा, मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली.

मंडळाच्या बैठकीत मी पहिल्या रांगेत बसले होते. ते पुन्हा तेच म्हणाले. चंद्रभानजी घाईचे होते.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी रीळ लावू लागले. रोज चित्र थोडं खाली यायचं. बाबा चौकटीबाहेर गेले. रॉकेट गेलं.

उरलं एकट्या मनोहररावांचं डोकं.

एक दिवस ते स्वतःच दारात आले. आभाळ निरभ्र. तरी डोक्यावर उघडी काळी छत्री. आत आले, तरी मिटली नाही.

"पोरी, बंद कर ना ते मशीन. वरून कोणीतरी पाहून राहिलं मले. घरातबी."

"सांगा मग सगळ्यांना."

"अध्यक्षपद सोडा लागन मले."

मी दार उघडून उभी राहिले. ते गेले.

त्या संध्याकाळी भिंतीवर नुसता काळोख आला. वाटलं, फिल्म जळाली.

मग काळोख हलला...

काड्या दिसल्या. ताणलेलं कापड दिसलं. छत्री होती ती. त्या दुपारी शेतात कुणाकडेच छत्री नव्हती.

ती हळूहळू मागे कलू लागली. खालचं कुणीतरी वर बघणार होतं...

रीळ संपलं.

मनोहररावांनी अजून तोंड उघडलेलं नाही. उद्या त्या छत्रीखाली काय दिसेल, मला माहीत नाही.

पण ते खरं बोलेपर्यंत मी मशीन बंद करणार नाही.