हौसाकाकीच्या जिन्याचा पाईप

बसा अजून थोडं. लाईट येईल तेव्हा येईल. तोवर सांगतो.

रोह्यात माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. निकेश म्हटलं की कुणीही दाखवेल. काम कासू गावातलं होतं, आणि अगदीच किरकोळ. हौसाकाकीच्या जिन्याला भिंतीवर धरायचा स्टीलचा पाईप आहे, तो हलत होता. घर एका बाजूला, शेताच्या कडेला. काकी एकटी. मूलबाळ नाही, नवरा शिवा गेल्या वर्षी वारला.

पाईप बघितला आणि डोकंच फिरलं. वरचा ब्रॅकेट पार लुळा पडलेला. कुठल्या शहाण्याने बसवला होता देव जाणे! स्क्रूची गिट्टी ठोकलेली नुसत्या प्लास्टरात, भिंतीचा मागचा ब्लॉक पोकळ. स्क्रू पकडणार कशाला, कपाळ?

"काकी, ह्याला धरून वर जाऊ नका. पडाल एखाद दिवशी."

"मी नाय जात रं. माझं गुडघं कुठं चढतान?"

"मग हलवतं कोण?"

ती चहा गाळत राहिली. "शिवा. दिवेलागणीला वरच्या खोलीत चालतो. जिन्याच्या तोंडाशी येतो, पाईप धरतो, खडखड होते... नि माघारी जातो. उजव्या हाताची दोन बोटं कंपनीत गेली ना त्याची. पाईप हलला की भितो. मी खालून म्हनते, ये रं. येत नाय." मग हळूच विचारलं, "माणसाचा भार घेल ना?"

मला हसू आलं, आणि लगेच वाईटही वाटलं. शेतापलीकडच्या रुळांवरून रोह्याची गाडी गेली की घर थरथरत असेल, दुसरं काय!

"हत्ती लटकू दे, काकी. माझं काम ढिलं नसतं."

भोकं खोल मारली, आत बोल्ट पकडणारं केमिकल भरलं, लांब बोल्ट बसवले. प्लास्टरची धूळ उडून अख्खा पाईप पांढरा झाला. केमिकल धरेपर्यंत थांबणं भाग होतं. खाली जिन्याच्या पायथ्याशी काकीजवळ बसलो.

"संध्याकाळी घर खायला उठतं रं," ती म्हणाली.

ऊन गेलं. गाडीचा आवाज नव्हता, वारा नव्हता. वरच्या खोलीत काहीतरी घासत सरकलं. बंद खोलीचा कोंदट, ओला वास जिन्यावरून खाली आला. मग पाईप एकदाच वाजला... टण्ण.

मी मोबाईलचा टॉर्च मारला. जिन्यात कुणी नव्हतं. पण पाईपवरच्या धुळीत, अगदी वर, बोटं उमटली होती. मी बघत असताना त्याच्या खाली दुसरी खूण उमटली. मग तिसरी. अगदी सावकाश, घट्ट धरून कुणी उतरत होतं. मी भिंतीला चिकटलो.

शेवटची खूण पाईपच्या टोकाशी, काकीच्या खांद्याजवळ उमटली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तिला धूळ काय दिसणार? तिने हवेत हात पुढे केला आणि मूठ मिटली.

"आलास?" म्हणाली, आणि रडायलाच लागली. आनंदाने हो!

मी टॉर्च जवळ नेला. उतरताना तो पाईप उजव्या हाताला येतो. धुळीत बोटं तीन नव्हती. पाच होती. पाचही.

सांगायला हवं होतं मी तिला, हा शिवाचा हात नाही म्हणून. पण तिचा तो आनंद मोडवेना. ड्रिल तिथेच टाकून बाईक मारली ती थेट रोह्याला.

आठवड्याने तिचा फोन आला.

"निकेश, पक्कं काम केलंस रं. तो आता वर जातच नाय. माझ्या बाजूलाच बसतो."

"काकी, ऐका..."

"बोटं पन आली त्याची. सगली. हात धरतो तवा लागतान ना."

मग तिचा आवाज एकदम खाली गेला.

"पन निकेश... हात सोडत नाय रं."