अनामिका

नणंदेने काचेची बरणी ओट्यावर ठेवली. आत पाण्यात हिरव्या डहाळ्या होत्या. त्यांची काही पानं मधोमध दुमडलेली आणि प्रत्येक घडीत मोहरीएवढा एक ठिपका.

"न्यूटची अंडी आहेत, वहिनी. दिसायला पालीसारखा, पण जात बेडकाची. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत जागा नाही. दादाला सांभाळू दे."

जागेचं नुसतं निमित्त होतं, हे वहिनीला कळलं. दादा म्हणजे तिचा नवरा. छापखान्यात एकोणीस वर्षं कागद कापायच्या यंत्रावर होता. वर्षापूर्वी त्या यंत्राने त्याच्या डाव्या हाताची अनामिका मुळापासून नेली. जखम भरली, पण तो कामावर परत गेला नाही. डावा हात सदा खिशात. कोणी आलं की उठून आतल्या खोलीत.

वहिनी दातांच्या कवळ्या बनवायची. पुढच्या खोलीत तिचं टेबल होतं. त्यावर मेण, प्लास्टर आणि मिलिमीटरचा दहावा भाग दाखवणारा कॅलिपर. जे मोजता येतं तेवढ्यावर तिचं भागत आलं होतं.

अंड्यांसाठी काचेची टाकी आणून तिच्या टेबलासमोरच मांडली. अकरा अंडी, अकरा पिल्लं. नखाएवढी, आरपार दिसणारी, मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले. नवऱ्याने मनावर घेतलं. नळाचं पाणी दोन दिवस बादलीत ठेवून मग टाकीत घालायचा. पिल्लं हलेल तेच खायची, म्हणून रोज सकाळी डबक्यावर जाऊन फडक्याने पाण्यातले बारीक किडे गाळून आणायचा. कित्येक महिन्यांनी तो उंबरठा ओलांडत होता.

"एवढी सरबराई माझी कधी केली नाहीत," वहिनी म्हणाली, आणि तो चक्क हसला.

तिसऱ्या आठवड्यात एका पिल्लाचा पुढचा पाय नाहीसा झाला. भूक लागली की ती एकमेकांना चावतात. नवरा बराच वेळ वाकून बघत राहिला. मग त्याने बहिणीला फोन लावला.

"येईल परत," ती म्हणाली. "न्यूटचं तुटलेलं परत येतं. दीड-दोन महिने लागतात."

नवव्या दिवशी पाय पूर्ण आला. चारही बोटं जागच्या जागी.

"दुसरंच पिल्लू बघितलं असशील, दादा," नणंद म्हणाली. वहिनीलाही तसंच वाटलं.

पुढच्या आठवड्यात ती दवाखान्यात कवळी पोचवून दुपारी परतली, तेव्हा नवरा टाकीपाशी उभा होता. डावा हात मनगटापर्यंत पाण्यात. अकराच्या अकरा पिल्लं बोटाच्या रिकाम्या जागेभोवती गोळा झालेली, तोंडं त्या व्रणाला लावून. एकही हलत नव्हतं.

"अहो, चावतील ना!"

"नाही चावत. थंड बरं वाटतं."

मग ते रोजचं झालं. आधी तासभर, नंतर दुपारभर. टाकीत किडे तसेच पोहत राहायचे, त्यांना कोणी तोंड लावायचं नाही. पिल्लं मात्र दिवसागणिक भरत चालली होती.

एके सकाळी त्याने आपणहून हात पुढे केला. "खाज सुटते गं. बघ जरा."

व्रणावरची कातडी पातळ, गुलाबी झाली होती. मधे एक उंचवटा, आणि त्याच्या आत काडीसारखी गडद रेघ. वहिनीने हात धुतले, कॅलिपर घेतला. तीन पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर.

दुसऱ्या दिवशी चार पूर्णांक पाच दशांश.

"डॉक्टरकडे जाऊ या."

"कशाला? कापून बघायला?"

वर्षभरात पहिल्यांदाच तो तिच्या डोळ्यांत बघून बोलत होता. ती रोज मोजत राहिली आणि आकडे कामाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहीत गेली. दोन महिन्यांत बोट पुरं झालं. नख सगळ्यात शेवटी आलं.

नणंद आली. तिने भावाचा हात हातात घेऊन उलटसुलट केला, मग तोंडाला पदर लावून रडली. जाताना दारात थांबून हळूच म्हणाली, "वहिनी, माणसात हे होत नाही."

"माहीत आहे."

पिल्लांचे कल्ले तोवर झडले होते. ती पाण्याबाहेर, दगडावर येऊन बसायला लागली होती. नणंदेने ती डब्यात भरून नेली. नवऱ्याने मान वर करूनही पाहिलं नाही.

तो कामावर रुजू झाला. छापखान्यात त्याच्या बोटाविषयी कोण काय बोललं, ते त्याने घरी सांगितलं नाही. वहिनीनेही खोदून विचारलं नाही. घर मार्गी लागलं होतं. फक्त एकदा, काम संपल्यावर उरलेल्या प्लास्टरमध्ये तिने त्याच्या दोन्ही हातांचे ठसे घेतले. तो हसत हसत बसला. उजवी अनामिका आणि डावी अनामिका तिने शेजारी ठेवून मोजली. डावी सहा मिलिमीटर लांब होती. पेरं बारीक, टोक निमुळतं. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा दात बसवला की कितीही घासला तरी तो कसा वेगळा दिसतो, ते तिला ठाऊक होतं.

ठसे तिने फोडून टाकले.

सुट्टीचा दिवस होता. नवरा खिडकीत वर्तमानपत्र वाचत बसला होता. ऊन हातावर पडलं होतं.

नव्या बोटाच्या मुळाशी एक खाच होती.

बोटाभोवती गोल फिरलेली. आत कातडी पांढरट, दबलेली, वर्षानुवर्षं अंगठी घातल्यावर होते तशी.

त्याने आयुष्यात अंगठी घातली नव्हती.

वहिनी बघत राहिली. वाचता वाचता त्याचा उजवा हात डाव्या हाताकडे गेला. अंगठा आणि तर्जनी त्या खाचेवर टेकली, आणि तिथे नसलेलं काहीतरी सावकाश फिरवू लागली.

"काय करताय?"

"कुठे काय?" तो म्हणाला. पान उलटण्याआधी त्याने ते पेरापर्यंत सरकवलं, आणि पुन्हा नीट जागेवर बसवलं.